वहीत न आलेलं ‘नाहीतर’

लहान मुलांनी लहान लहान वाक्यं लिहावीत, म्हणजे चुका होत नाहीत, हे मत सध्या शिक्षकांत आणि पालकांत चांगलंच रुजलं आहे. ‘आणि’, ‘पण’, ‘कारण’, ‘म्हणून’ हे शब्द मुलं बोलता बोलता शिकतातच, त्यांचा वेगळा सराव कशाला, असंही त्याच्या जोडीने म्हटलं जातं. व्याकरणाच्या बाजूने कोणी बोललंच तर ते एवढंच, की उभयान्वयी अव्ययांचे प्रकार पाठ करून घ्या, पुढे तलाठी भरतीला आणि पोलीस भरतीला एखाददुसरा मार्क पदरात पडतो. ही तीन मतं तीन वेगळी माणसं मांडतात आणि ती एकमेकांविरुद्ध असल्यासारखी दिसतात. परिणाम मात्र तिन्हींचा एकच होतो. पारनेर तालुक्यातल्या सुप्यासारख्या गावातलं मूल दहावीपर्यंत पोचतं, तरी दोन विचारांचा एकमेकांशी असलेला संबंध कागदावर कसा दाखवायचा, हे त्याला कोणीच शिकवलेलं नसतं. मला ही तिन्ही मतं साफ नामंजूर आहेत.

सुप्याच्या आसपासच्या एका वाडीवरची पाचवीतली मुलगी. ऐन उन्हाळ्यातली गोष्ट. वहीत तिने लिहिलं होतं: ‘आमच्या वाडीवर टँकर येतो. आम्ही पाणी भरतो. माझी आई आजारी होती. मी शाळेत आले नाही.’ चारही वाक्यं शुद्ध. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, पूर्णविराम जागच्या जागी. खाली बरोबरची खूण आणि ‘छान’ असा शेरा. तिला तोंडी विचारलं, ‘काय झालं होतं गं?’ तर ती एका दमात म्हणाली, ‘आई आजारी व्हती म्हून मलाच थांबावं लागलं, नाहीतर मी शाळा बुडवत न्हाई, पर टँकर आलाच बारा वाजता.’

तोंडात ‘म्हून’, ‘नाहीतर’ आणि ‘पर’. वहीत त्यातलं एकही नाही. बोलताना तिने आपली बाजू मांडली होती. शाळा बुडवण्याची आपल्याला सवय नाही, हे त्या एका ‘नाहीतर’मध्ये आलं. दोष टँकरच्या वेळेचा आहे, हे ‘पर’मध्ये आलं. वहीतली चार वाक्यं वाचणाऱ्याला यातलं काहीच कळणार नाही. टँकरचा आणि आईच्या आजारपणाचा काय संबंध, आणि या दोन्हींचा शाळेशी काय संबंध, हे वाचणाऱ्यानेच ताडायचं. तक्रार होती ती माहिती झाली, आणि त्या माहितीला शाबासकी मिळाली. शाबासकी देणाऱ्या शिक्षकाचा मी राग करत नाही. त्याला शुद्धलेखन तपासायला सांगितलं होतं, ते त्याने तपासलं. दोष आहे तो ‘शुद्ध वाक्य म्हणजे चांगलं वाक्य’ असं ठरवून मोकळ्या झालेल्या समजुतीचा.

‘आपोआप येतं’ म्हणणाऱ्यांना वाटेल, की या मुलीने त्यांचाच मुद्दा सिद्ध केला. तिला तर सगळं येत होतं. बोलताना येत होतं, हे खरं. पण बोलताना समोर माणूस असतो. तो भुवया उंचावतो, ‘मग?’ म्हणतो, ‘का बरं?’ म्हणतो, आणि त्याच्या त्या ‘का’लाच मूल ‘म्हून’ने उत्तर देतं. कागदासमोर बसल्यावर तो विचारणारा नाहीसा होतो. त्याची जागा मुलाला स्वतःच घ्यावी लागते, आणि ती कशी घ्यायची हे शिकवल्याशिवाय कळत नाही.

हे मानसशास्त्राने जवळपास शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलं आहे. जाँ पियाजे यांच्या मुलांच्या तर्कशक्तीवरच्या १९२४ च्या ग्रंथाची सुरुवातच उभयान्वयी अव्ययांपासून होते. माणूस सायकलवरून पडला, कारण… असं अर्धं वाक्य देऊन त्यांनी मुलांना ते पुरं करायला सांगितलं, तेव्हा बरीच लहान मुलं पडण्याचं कारण सांगण्याऐवजी पडल्यावर काय झालं तेच सांगत. पुढे लेव्ह वायगॉट्स्की यांनी हाच धागा धरला. १९३४ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, आलेल्या ‘विचार आणि भाषा’ या ग्रंथात एका प्रयोगाची हकिकत आहे. दुसरीतल्या मुलांना ‘कारण’ असलेली अर्धी वाक्यं पुरी करायला दिली होती, काही रोजच्या जगण्यातली आणि काही शाळेत शिकवलेल्या सामाजिक विषयावरची. कोणालाही वाटेल की रोजची वाक्यं सोपी जातील. झालं उलट. शाळेत शिकवलेल्या विषयावरची वाक्यं जास्त मुलांनी बरोबर पुरी केली, कारण तिथे शिक्षकाने त्यांच्याबरोबर कारणं शोधली होती, विचारली होती, बोलून घेतली होती. ‘तरी’ची वाक्यं दुसरीत दोन्हीकडे कच्ची निघाली, चौथीपर्यंत ती शाळेच्या विषयात आधी पक्की झाली आणि रोजच्या विषयात मागून. वायगॉट्स्कींचं म्हणणं असं, की मूल बोलताना ‘कारण’ बरोबर वापरतं, पण वापरतो आहोत हे त्याला ठाऊक नसतं. मुद्दाम वापर म्हटलं की ते अडतं. जाणून वापरणं शाळेतून येतं. ‘आपोआप येतं’ म्हणणाऱ्यांनी या निष्कर्षाला उत्तर द्यावं.

आता लहान वाक्यांचं मत. ते मांडणारी मंडळी वाचणारी असतात आणि त्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो. सरकारी परिपत्रकातलं अर्ध्या पानाचं वाक्य त्यांना नको असतं. मलाही नको. पण ‘वाक्य लहान करा’ हा सल्ला ज्याला लांबलचक वाक्य लिहिता येतं आणि लिहायची खोड आहे, त्याला द्यायचा असतो. ज्याला दोन वाक्यं जोडताच येत नाहीत, त्या मुलाला तोच सल्ला देणं म्हणजे त्याची अडचण हाच त्याचा गुण ठरवणं. कसलेला लेखक ‘पाऊस आला. कांदा भिजला.’ असं लिहितो, तेव्हा त्याने ‘म्हणून’ जाणूनबुजून गाळलेला असतो. मुलाकडे गाळायलाच काही नसतं.

आणि तो ‘म्हणून’ किती महत्त्वाचा आहे, हे पारनेर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही. कांदा काढून शेतात पडला आहे आणि अवकाळी पाऊस आला. ‘पाऊस आला आणि कांदा भिजला’ ही नुसती बातमी. ‘पाऊस आला म्हणून कांदा भिजला’ असं म्हटलं की नुकसानीचं कारण निसर्गावर गेलं आणि भरपाईच्या अर्जाला आधार मिळाला. ‘पाऊस आला तरी कांदा भिजला नाही, कारण तो आदल्या दिवशीच चाळीत टाकला होता’ असं लिहिलं की शेतकऱ्याचा शहाणपणा दिसला. ‘पाऊस येणार हे माहीत होतं, पण ताडपत्री नव्हती’ म्हटलं की गरिबी दिसली. पाऊस तोच, कांदा तोच. जोडणारं अव्यय बदललं, आणि त्याबरोबर जबाबदारी कोणाची हेही बदललं. पाऊस आणि कांदा या दोन शब्दांत मत नाही. मत आहे ते त्यांच्यामधल्या अव्ययात. म्हणून दोन वाक्यं जोडायला शिकवणं हे मत मांडायला शिकवणं आहे, आणि ते व्याकरणाच्या पानापुरतं ठेवता येत नाही.

मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ नावाचा प्रश्न असतो. मुलाने स्वतःचं मत मांडावं, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण ज्या मुलाला ‘असं असलं तरी’, ‘एवढंच नव्हे तर’, ‘कारण’ ही हत्यारं कधी हाताळायला दिलीच नाहीत, ते स्वमत कशाने मांडणार? ते गाईडमधलं उत्तर पाठ करतं. मग आपण म्हणतो की पोरांना स्वतःचा विचारच नाही. विचार असतो. त्या टँकरवाल्या मुलीला होता. ‘असर’सारख्या पाहण्यांत मुलांचं वाचन आणि गणित तपासलं जातं, त्यामुळे त्यावर निदान चर्चा तरी होते. लेखनातली ही उणीव त्यांत मोजली जात नाही, म्हणून ती कोणाला दिसतही नाही.

आता याद्यांकडे. सुप्यात, पारनेरला, नगरला भरतीची तयारी करणारी मुलं भेटतात. पहाटे रस्त्यावर धावतात, दुपारी अभ्यासिकेत बसतात. त्यांना विचारा: समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक, मग स्वरूपबोधक, कारणबोधक, उद्देशबोधक, संकेतबोधक. आठही प्रकार उदाहरणांसकट धडाधड सांगतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण याच मुलाला बदलीसाठी, दाखल्यासाठी, तक्रारीसाठी एक पान लिहायला सांगा. सुरुवातीला ‘वरील विषयास अनुसरून’ येतं आणि पुढे तीच तुटक वाक्यं. प्रकार ओळखता आल्याने वापरता येत नाही. ‘म्हणून’ या एकाच शब्दाचं बघा. ‘आजारी होतो म्हणून आलो नाही’ इथे तो परिणाम दाखवतो, ‘नोकरी मिळावी म्हणून धावतो’ इथे उद्देश, ‘येतो म्हणून सांगितलं’ इथे नुसतं बोलण्याचं स्वरूप. एकच शब्द यादीत तीन ठिकाणी बसतो. वाक्यात हे मुलाला क्षणात कळतं, यादीत कधीच कळत नाही. तरी आपण वाक्य सोडून यादी शिकवतो.

याचा दोष जुन्या व्याकरणकारांना देणंही चुकीचं आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ चं आणि मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चं. दामल्यांचा ग्रंथ ज्याने उघडला आहे त्याला माहीत आहे, की तो वाद घालणारा ग्रंथ आहे. आधीच्यांनी काय म्हटलं, ते का पटत नाही, कोणत्या वाक्यात अडतं, असं दामले पानोपानी भांडतात. त्या भांडणातून निघालेलं वर्गीकरण आपण उचललं, भांडण टाकून दिलं, आणि उरलेल्या सांगाड्यातून बहुपर्यायी प्रश्न तयार केले.

एक आक्षेप जास्त वजनदार आहे. लक्ष्मीबाई टिळक कोणत्या शाळेत गेल्या होत्या? आपल्याच जिल्ह्यात, नगरला आणि राहुरीला त्यांच्या आयुष्यातली बरीच वर्षं गेली; शाळेचं शिक्षण नाही, लिहायला-वाचायला नवऱ्याने शिकवलं; आणि १९३४ पासून प्रसिद्ध झालेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी गद्याचं भूषण ठरली. मग व्याकरणाचा आग्रह कशाला? माझं उत्तर असं, की लक्ष्मीबाई माझ्या बाजूच्या साक्षीदार आहेत. त्यांच्या गद्याचा जिवंतपणा बोलण्यातले सगळे सांधे कागदावर उतरल्यामुळे आहे. ‘पण’, ‘तरी’, ‘म्हणून’, ‘बरं तर बरं’ यातलं काहीही त्यांनी लिहिताना गाळलं नाही. शिवाय कीर्तन-पुराणं, कवितेचं घर आणि पती टिळकांसारखा वाद घालणारा सोबती त्यांना लाभला होता. ज्या घरात असा सोबती नाही, आई-बाप दोघंही पाळीवर किंवा रानात, तिथल्या मुलाला तो सोबती कोण देणार? शाळाच ना? प्रतिभावंताला शाळा लागली नाही, यावरून सामान्य मुलालाही ती नको, असं अनुमान काढणं मला अन्यायाचं वाटतं.

शाळेला हे शिकवता येतं, याचं एक उदाहरण देतो. न्यूयॉर्क शहरात स्टेटन आयलंडवर न्यू डॉर्प नावाचं हायस्कूल आहे. तिथली कित्येक मुलं नापास होत होती. शिक्षकांनी खोलात जाऊन पाहिलं, तेव्हा कळलं की या मुलांना वाचता येतं, पण लिहिताना विचार जोडता येत नाहीत. ‘जरी’ने सुरू होणारं वाक्य लिहायला सांगितलं, तर एकाने अर्ध्यावरच पूर्णविराम देऊन टाकला, ‘तरी’ यायला हवं हेच त्याच्या गावी नव्हतं. मग ज्युडिथ हॉकमन या शिक्षिकेच्या पद्धतीने प्रत्येक विषयाच्या तासाला वाक्य जोडण्याचा सराव सुरू झाला. तिचा सगळ्यात प्रसिद्ध सराव अगदी साधा आहे: एकच विधान द्यायचं आणि ते ‘कारण’, ‘पण’ आणि ‘म्हणून’ अशा तीन अव्ययांनी तीनदा पुरं करून घ्यायचं. २०१२ मध्ये या शाळेवरचा लेख अमेरिकेत खूप गाजला.

पण ही पद्धत आहे तशी उचलून आणा, असं मी म्हणणार नाही. मराठीचे सांधे इंग्रजीसारखे सगळे सुट्या शब्दांत नाहीत. पुष्कळसे क्रियापदाच्या पोटात आहेत. ‘पाऊस आला तरी’ आणि ‘पाऊस येऊनही’, ‘पाऊस आला म्हणून’ आणि ‘पाऊस आल्यामुळे’, ‘जेवलो आणि निघालो’ आणि ‘जेवून निघालो’ या वाक्यांच्या जोड्या मराठी मुलाला शेजारी शेजारी ठेवून दाखवली पाहिजेत. ‘जेवून निघालो’ जिथे सहज येतं तिथे ‘आणि’ घुसवायला लावणारा शिक्षक मुलाची मराठी बिघडवतो. ‘जर’चंही तसंच. ‘पाऊस पडला तर पेरू’ असंच आपण बोलतो. ‘तर’ टिकतो, ‘जर’ गळतो. प्रत्येक वाक्यात ‘जर’ लिहिलाच पाहिजे हा आग्रह अनाठायी आहे. ‘पण’ खोडून ‘परंतु’ लिहायला लावणं हीदेखील सुधारणा नव्हे. ‘पर’ म्हणणाऱ्या मुलाला वहीत ‘पण’पर्यंत आणावं, तिथे थांबावं. ‘आणि’ने किंवा ‘पण’ने वाक्य सुरू करायचं नाही, असा एक नियमही काही वर्गांत चालतो. त्याला मराठीत काडीचा आधार नाही. याच जिल्ह्यात, नेवाशाला, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्यात ‘परी’ने सुरू होणाऱ्या ओव्या मोजत बसलं तर दिवस पुरणार नाही.

‘एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोराला हे सगळं कशाला?’ हा प्रश्न मी सुप्यातच ऐकला आहे, आणि तो मला सगळ्यात जास्त टोचतो. पुणे-नगर महामार्गालगतच्या या कारखान्यांत आपली पोरं कंत्राटावर लागतात. हातात पडणाऱ्या कागदावर लिहिलेलं असतं, की अमुक महिने पूर्ण झाल्यास ‘आणि’ काम समाधानकारक वाटल्यास मुदत वाढवली जाईल. तिथे ‘आणि’ आहे की ‘किंवा’, यावर त्याची पुढची नोकरी अवलंबून असते. दोन्ही अटी पाळायच्या की एक पुरते? ज्याला हा फरक कधी लिहून बघायला लावला नाही, तो सही करताना तिथे थांबत नाही. जमिनीच्या नोटिशीत, बँकेच्या कर्जाच्या कागदात, विम्याच्या अटींत हेच आहे. ज्या पोराला आपण ‘फक्त कामगार’ होणार म्हणून हे शिकवत नाही, त्यालाच त्याची सगळ्यात जास्त गरज पडते, कारण त्याच्यासाठी कागद वाचायला वकील बसलेला नसतो.

आपल्या तालुक्याला तर हे अधिकच लागू पडतं. राळेगणसिद्धी पारनेर तालुक्यात आहे. माहितीच्या अधिकारासाठी अण्णा हजारे तिथून लढले. २००५ च्या केंद्रीय कायद्यात माहिती मागणाऱ्याला कारण द्यावं लागत नाही. कार्यालयाने माहिती नाकारली तर मात्र त्याने कारणं कळवली पाहिजेत. नागरिकाला ‘कारण’मधून सूट आणि सरकारवर ‘कारण’ची सक्ती, ही या कायद्यातली मला फार मोलाची वाटणारी गोष्ट आहे. पण पुढचं अपील लिहिताना दिलेलं कारण चुकीचं का, हे नागरिकाला मांडता आलं पाहिजे. ‘आपण असं म्हणता, परंतु कलम तसं म्हणत नाही; सबब माहिती देण्यात यावी.’ हे वाक्य रचता येत नसेल, तर लढून मिळवलेला हक्क दुसऱ्याच पायरीवर अडतो. मग पोरगा पैसे देऊन कोणाकडून तरी अर्ज लिहून घेतो.

शेवटचा आक्षेप वेळेचा. शिक्षकांवर अहवाल, माहिती, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं लादलेली आहेत, हे मला मान्य आहे. त्यात हा नवा तास कुठे बसवायचा? नवा तास नकोच आहे. वायगॉट्स्कींनी सांगितलेल्या प्रयोगातून हेच निघतं, की ‘कारण’ आणि ‘तरी’ शिकवायला व्याकरणाच्या तासापेक्षा इतिहास, भूगोल, विज्ञानाचा तास बरा. सेनापती बापट पारनेरचे, जन्म १८८० चा. मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी टाटांच्या धरणाखाली जाणार होत्या, म्हणून १९२१ पासून तिथे सत्याग्रह झाला आणि बापट त्याचे पुढारी होते. एवढं सांगून झालं की फळ्यावर एकच विधान लिहावं: ‘मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला’. ते मुलांना ‘कारण’ने, ‘म्हणून’ने आणि ‘तरी’ने पुरं करायला सांगावं. ‘कारण’ सगळ्यांना येतं: जमिनी जाणार होत्या. ‘म्हणून’ला वर्ग थांबतो, मग कोणीतरी म्हणतं, म्हणून बापट तुरुंगात गेले. ‘तरी’ला उत्तर येतं: तरी धरण झालंच. तिथे मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, मग सत्याग्रह करून काय मिळालं? त्याचं उत्तर शिक्षकाने तोंडी देऊ नये. ‘धरण झालं, तरी सत्याग्रह वाया गेला असं म्हणता येत नाही, कारण…’ एवढं फळ्यावर लिहावं आणि पुढचं वाक्य प्रत्येकाला आपापल्या वहीत लिहू द्यावं. याला दहा मिनिटं लागतात आणि इतिहासाचा धडाही तेवढाच पुढे सरकतो.